उपवासाची ढील

आमच्या घरातला बॉयलर नवरात्रात एकोणीस वेळा बंद पडला आणि एकोणीसही वेळा मी तो चालू केला. विसाव्यांदा पडू नये म्हणून मी त्याचं तोंडच बांधून टाकलं. त्याला दोन आठवडेही झाले नाहीत तोवर माझी बायको वृषाली गेली.

हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढं बॉयलरचं शास्त्र सांगताना मी हुशारी मिरवणार, ती माझी जुनी खोड आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की या माणसाला सगळं कळत होतं. मला बॉयलरमधलं सगळं कळत होतं. तेवढंच कळत होतं.

मी रणजित खाडे. सांगलीच्या आयटीआयमधून बाहेर पडलो, काही वर्षं साखर कारखान्यात वाफेच्या नळांशी झटलो आणि २०२९ साली कुशल कामगारांच्या एका तुकडीतून जर्मनीला आलो. हाल्टनबर्ग नावाच्या गावात. इथं थंडीत घर गरम ठेवायला भिंतीवर गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी हीटरमधून फिरवतो. बॉयलर पुन्हापुन्हा बंद पडायची कारणंही ठरलेली असत. ज्योत ओळखणारी कांडी काजळलेली असते, नाहीतर निचऱ्याची नळी गोठलेली, पाण्याचा दाब उतरलेला किंवा धुराडं तुंबलेलं. या चार कारणांवर मी कितीतरी वर्षं भाकरी खाल्ली.

मग पाचवं कारण आलं, ते म्हणजे नाक.

गॅसची टंचाई झाल्यावर सरकारनं घरटी रेशन लावलं. त्यावर घरात जितकी माणसं नोंदलेली, तितका कर. लोक अर्थातच नोंद एकाची करून चौघं राहू लागले. त्याच सुमारास शास्त्रज्ञांनी एक गोष्ट शोधून काढली होती. आपण बाहेर सोडतो त्या हवेत शेकडो प्रकारची द्रव्यं अगदी बारीक प्रमाणात असतात, आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण प्रत्येक माणसाचं वेगळं असतं. बोटाचा ठसा असतो तसा श्वासाचाही ठसा असतो. हा ठसा खोलीतल्या हवेवरून वाचणारी सुपारीएवढी डबी निघाली, आणि कायद्यानं ती प्रत्येक हीटरपाशी बसली. आम्ही मिस्त्री लोक तिला नाक म्हणायचो. नोंदलेल्या माणसाचा श्वास आला की नाक गप्प. अर्धा तास परका श्वास आला की ते बॉयलरला कळवायचं, मग बॉयलर बंद, तांबडा दिवा, पडद्यावर एकाहत्तर नंबरची चूक. पाहुणे आले तर त्यांची तात्पुरती नोंद करायची. त्यात काही अवघड नव्हतं.

अवघड झालं ते आमच्या लोकांचं. गावात मराठी घरं पाऊणशे. त्यांतल्या शेडबाळे काकूंच्या घरी एका सप्टेंबरात बॉयलर मधूनच एखाद्या दिवशी पाच-पाचदा बंद पडायला लागला. जर्मन मिस्त्र्यांनी दोनदा सर्किट बदललं, एकदा अख्खा बॉयलर बदलला. शेवटी मला बोलावलं. आमचे आयटीआयचे हुक्केरी सर म्हणायचे, "आधी घरातल्या बाईला इचार, मग मशिनला हात लाव." मी विचारलं, "काकू, काल काय विशेष होतं?"

"हरतालिका की रे. निर्जळी. आनि एकादश्या असत्यातच. म्हातारपणी आता सोसत न्हाई, पण सोडवत न्हाई."

माझ्या डोक्यात उजेड पडला. पोटात काही गेलं नाही की शरीराला साखर मिळत नाही. मग ते अंगातली चरबी जाळायला घेतं. त्यातून ॲसिटोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडतं. नेलपॉलिश पुसायच्या बाटलीला येतो तो त्याचा वास. काकूंच्या श्वासात ते वाढलं, ठसा बदलला आणि नाकाला काकू परक्या वाटल्या. साबुदाण्याची खिचडी हाणणाऱ्या भक्तांना हा त्रास नव्हता. एकादशी अन् दुप्पट खाशी असल्यावर चरबी जळते कशाला? त्रास होता तो कडक उपवासवाल्यांना.

नाकाच्या आत जरा फरक चालवून घ्यायची एक सोय होती. पतंगाला देतात तशी मी तिथं ढील दिली, फक्त ॲसिटोनपुरती. काकूंचं घर गरम झालं. महिन्याभरात मराठी घरांतून बोलावणी यायला लागली आणि माझं नाव झालं. 'खाड्यांची उपवासाची ढील' अडतीस घरांत बसली. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. पहिल्या घरी मी विचारलं होतं. नंतर विचारायची गरजच उरली नाही. एकाहत्तरची तक्रार आली की मी आमच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघायचो आणि जाण्याआधीच निदान करून मोकळा व्हायचो.

एक गोष्ट मला तेव्हाही माहीत होती. नाक बनवणाऱ्या कंपनीच्या प्रशिक्षणात एक ओळ होती, की ॲसिटोन उपवासानं वाढतं तसं काही आजारांतही वाढतं. पण श्वासावरून आजार ओळखायला नाकाला कायद्यानं बंदी होती. लोकांची दुखणी घरमालकाला किंवा विमावाल्यांना कळू नयेत म्हणून हा कायदा केलेला होता, चांगल्या मनानं केलेला. त्यामुळं नाकाला काहीही कळलं तरी बोलायची परवानगी नव्हती. ते फक्त बॉयलर बंद पाडू शकत होतं.

आता नवसाचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी धुराडं बसवताना मी दुमजली छपरावरून पडलो. चार बरगड्या मोडल्या, डोक्याला मार लागला, तीन दिवस शुद्ध नव्हती. गावाकडं माझ्या आईनं देवीला नवस बोलला. पोरगं वाचलं तर सून पाच वर्षं नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास करील, फक्त दूध आणि पाणी. सुनेला कुणी विचारलं नव्हतं. पण वृषालीला विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. मी थट्टा करायचो, "माझ्या जिवाची किंमत नऊ दिवसांचं दूध होय गं?" तर ती म्हणायची, "तेवढीबी न्हाई. पण आता बोलल्यात सासूबाई, काय करायचं?" दोन वर्षं तिनं ते निभावलं. यंदाचं तिसरं.

त्या वर्षी थंडी लवकर आली. पहिल्या माळेला सकाळी मी चहा पीत होतो आणि वृषाली घटाला माळ बांधत होती. आमची पंधरा वर्षांची मुलगी शर्वरी शाळेची पिशवी भरत होती. बॉयलर घरघरला आणि गप्प झाला.

"अहो, तांबडा दिवा लागला बघा."

सवयीनं मी झाकण काढलं. कांडी स्वच्छ, दाब बरोबर, नळी मोकळी, धुराड्याची ओढ चांगली. पडद्यावर एकाहत्तर, जागा स्वयंपाकघर. मी हसलो.

"काय झालं?" वृषाली म्हणाली.

"बॉयलर म्हणतोय की घरात परकी बाई आलीय. सकाळपास्नं काही खाल्लं न्हाईस न्हवं?"

"अहो, रात्रीपास्नंच न्हाई."

"मग झालं तर. नऊ दिवस चालायचंच हे."

मी जरा ढील दिली. दुपारी पुन्हा बंद पडला, शर्वरीनं मला फोन केला, मी फोनवरूनच आणखी ढील दिली. दुसऱ्या माळेला तीनदा पडला. बाहेर चार-पाच डिग्री आणि घरात हीटर गार. वृषाली स्वेटरवर शाल घेऊन बसायची. वैताग तिच्यापेक्षा मलाच जास्त होता. गावभर ढील वाटत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात बॉयलर बंद, म्हणजे लोहाराच्या घरी विळा बोथट.

तिसऱ्या माळेला मी संध्याकाळी नाकाचे आकडे बघत बसलो होतो. वृषाली पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसली.

"अहो, हे नाक काय काय सांगतं ओ?"

"सगळं."

"म्हंजे कुणी काय खाल्लं, तेबी?"

"तेबी," मी ऐटीत म्हणालो. ते खरं नव्हतं. "घरात कोण चोरून काय खातंय, ते मला कामावर बसून कळतंय. का गं? खाल्लंस का काय?"

ती हसली नाही. तांब्यातलं पाणी पीत राहिली. मग म्हणाली, "माझं काय सांगतंय?"

मी आकडा बघितला. कालच्या दीडपट. "सांगतंय, वृषाली खाडे यांचा उपवास एकदम कडक. असा उपवास अख्ख्या जर्मनीत कुणाचा नसंल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग घटाकडं बघितलं आणि हात जोडले. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. मला वाटलं, कौतुक केलं म्हणून असेल. आमच्याकडं कौतुकाची तशी टंचाईच होती.

चौथ्या माळेला बॉयलर पाच वेळा पडला. ती सकाळी म्हणाली, "आज अंगात त्राणच न्हाई ओ." मी बूट घालत होतो. "उपवास हाय म्हटल्यावर असणारच की. दूध जास्त घे," म्हणालो आणि निघालो. त्याच दिवशी मी बाहेर असताना तिनं मला तिची निळी चोळी किती ढिली झालीय ते फोटो काढून पाठवलं होतं, खाली हसरा चेहरा. मी अंगठा पाठवला.

पाचव्या माळेला तो आठव्यांदा पडला तेव्हा मी एका जर्मन म्हातारीच्या तळघरात होतो, दोन्ही हात काजळीत. शर्वरीचा फोन आला. मी गाडीत जाऊन बसलो, फोनवरून घरचं नाक उघडलं आणि ॲसिटोनचं खानंच, म्हणजे ते द्रव्य तपासायचा अख्खा कप्पाच, बंद केलं. ढील नव्हे, सरळ बंद. हे बेकायदा होतं. माझा परवाना गेला असता. पण स्वतःच्या घरात कोण बघायला येतंय?

त्यानंतर बॉयलर एकदाही पडला नाही. त्या आठवड्यात आमच्या घराइतकं उबदार घर गल्लीत नसेल. वृषालीनं शालही काढून ठेवली.

दसऱ्याला उपवास सुटला. तिनं कडाकण्या केल्या, श्रीखंड केलं, आपट्याची पानं इथं मिळत नाहीत म्हणून दुसरीच कसली तरी पानं वाटली. नीट जेवलीही. पण रोड होत चालली. तहान लागायची, सारखं बाथरूमला जायची, दुपारी झोपून राहायची. मी म्हणालो, उपवासाचा शीण आहे, उतरेल. नाकाचं ते खानं बंदच राहिलं. चालू करायचं डोक्यातच आलं नाही. घर गरम होतं, मग कशाला उघडायचं?

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी मी वीस किलोमीटरवर कामाला गेलो होतो. अकराच्या सुमारास शर्वरीचा फोन आला. ती शाळेतून लवकर घरी आली होती.

"पप्पा, आई सकाळपास्नं उलट्या करतीय. आणि श्वास कसातरीच घेतीय, पळत आल्यासारखा."

"पित्त असंल. उपवासानंतर एकदम गोडधोड झालंय. लिंबू-साखरेचं पाणी दे तिला. काम आवरून येतो मी."

लिंबू-साखरेचं पाणी दे, असं मी म्हणालो. शर्वरीनं दिलं, दोन ग्लास. मी पंप बसवला, हवा काढली, दाब तपासला, सही घेतली आणि मग निघालो. घरी पोचलो तेव्हा वृषाली हाक मारली तर डोळे उघडत होती, पण कोण हाक मारतंय ते तिला कळत नव्हतं.

इस्पितळातली डॉक्टरबाई खोलीच्या दारातच थांबली. तिला तिथूनच वास आला होता. "हा श्वास किती दिवसांपासून असा आहे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "ती उपवास करत होती. धार्मिक. नऊ दिवस."

"उपवास कधी संपला?"

"चार दिवस झाले."

"मग आता का येतोय?"

तिनंच नंतर समजावून सांगितलं. स्वादुपिंडातून इन्शुलिन पाझरतं, त्याच्या जोरावर रक्तातली साखर शरीराच्या पेशींत शिरते. वृषालीचं इन्शुलिन हळूहळू आटत चाललं होतं. कधीकधी चाळिशीतही होतं असं. रक्तात साखर तुडुंब, पण आत जायला वाट नाही. शरीराला वाटतं आपण उपाशी आहोत, आणि ते चरबी जाळायला घेतं. भरल्या ताटावर उपाशी. ॲसिटोन तेच, वास तोच. आणि चरबी जळून नुसतं ॲसिटोन होत नाही, आम्लंही होतात. ती साठत जातात, रक्त आंबतं. "आठवडाभर आधी आणलं असतं," ती म्हणाली, "तर सुई कशी टोचायची एवढं शिकवून आम्ही घरी पाठवलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी वृषालीचं हृदय थांबलं. त्यांनी पाऊण तास प्रयत्न केले. मी बाहेरच्या बाकावर बसून त्या भिंतीवरच्या हीटरकडं बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघायचं ते मला कळत नव्हतं.

घरी आल्यावर तीन-चार दिवस लोक येत-जात राहिले. शेडबाळे काकूंनी डबे आणले. लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात स्टूल ओढलं आणि नाकातला जुना हिशोब बाहेर काढला. मी खानं बंद केलं होतं म्हणजे नाकाचं ऐकणं बंद केलं होतं, त्याचं हुंगणं चालूच होतं. मी कागदावर रेघ काढत गेलो. नवरात्राच्या आधीच ती थोडी चढलेली होती. पहिल्या माळेला आणखी वर. मग चढत चढत थेट दसरा ओलांडून गेली होती. जेवणं सुरू झाल्यावर खाली यायला हवी होती. कुठंही खाली आली नव्हती.

शर्वरी मागं येऊन उभी होती. "हे काय आहे?"

"आईचा श्वास. हे बघ, उपवास होता तोवर ठीक होतं. माझी चूक दसऱ्यानंतर झाली. तेव्हा बघायला पाहिजे होतं मी."

तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पप्पा, आई उपवास करत नव्हती."

"म्हंजे?"

"उठता-बसता करत होती. पहिला दिवस आणि शेवटचा. नऊ दिवस होत नाहीत म्हणाली, चक्कर येतीय. मधले दिवस जेवत होती. पाचव्या माळेला आम्ही दोघींनी आंबोळ्या केल्या. तिनं चार खाल्ल्या."

पाचवी माळ. आठ वेळा.

"मग मला सांगितलं का न्हाई?" मी ओरडलोच असणार, कारण ती मागं सरकली.

"कसं सांगणार? नवस तुमच्या जिवाचा होता. तुम्हाला काय झालं असतं तर आज्जीनं तिलाच धरलं असतं. तिला वाटत होतं बॉयलर चहाडी करील. मग तुम्हीच तिला सांगितलं की नाक म्हणतंय उपवास कडक आहे. तुम्ही गेल्यावर ती रडली. म्हणाली, मी खाऊनसुद्धा देवीनं झाकलं माझं. पदरात घेतलं. मग म्हणाली, आता कुणाला काही बोलायचं नाही."

मी त्या रेघेवर तारखा घातल्या. दुसरी माळ, जेवलेली. तिसरी, जेवलेली. चौथी, पाचवी. जेवलेली बाई आणि उपाशी श्वास. 'जेवलीस का?' एवढं एकदा विचारलं असतं तर कुठल्याही शिकाऊ मिस्त्र्याला खटकलं असतं. मी तिथी बघून निदान केलं होतं. स्वतःच्या बायकोचंसुद्धा.

मी सगळं लिहून कंपनीला कळवलं. काही लपवलं नाही. अडतीस घरं, ढील, बंद केलेलं खानं, वृषाली. परवाना जाईल, खटला होईल, अशा तयारीत होतो. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. दहा दिवसांनी उत्तर आलं. आधी दोन ओळी दुःखाच्या. पुढं असं, की अशा प्रकारची ढील इतर शहरांतल्या मिस्त्र्यांनीही दिलेली आढळली असून, त्यावरून नाकाची आज्ञावली स्वतःच शिकली आहे. गेल्याच आठवड्याच्या सुधारणेपासून देशातली सगळी नाकं ॲसिटोनकडं दुर्लक्ष करतात. त्यामुळं बॉयलर बंद पडण्याच्या तक्रारी एक तृतीयांशानं कमी झाल्या आहेत. मी पुन्हा लिहिलं की ते मागं घ्या, तो आवाज होता, लोकांना वाचवू शकणारा एकच आवाज. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. नाकानं वैद्यकीय काम करणं कायद्याला मान्य नाही.

मी तरी अडतीस घरं फिरायला निघालो, ढील काढायला. पहिल्याच घरी कळलं की काढायला ती जागाच आता पडद्यावर उरलेली नाही. बॉयलर मंद आवाजात छान चालला होता. घरातल्या बाईनं चहा विचारला. मी तिला म्हणालो, ताई, एकदा रक्त तपासून घ्या. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं एकमेकांकडं बघितलं. बायको गेल्यानं खाडे जरा सरकलेत, असं ते बघणं होतं. सहा घरांनंतर मी फिरायचं सोडलं.

तेराव्याला आम्हाला गावी जाता आलं नव्हतं. आईनं तिकडंच सगळं केलं. महिना उलटल्यावर एका रविवारी दुपारी तिचा फोन आला, पडद्यावर तिचा चेहरा. शर्वरी शेजारी बसून अभ्यास करत होती. आई इकडचं तिकडचं बोलली, मग थांबली.

"रणजित, एक इचारू? गेल्या मानसाबद्दल वाईट न्हाई बोलत म्या. पर तिनं नवस पाळला हुता न्हवं? नऊ दिस?"

शर्वरीचं पेन थांबलं.

उत्तरं दोनच होती. न्हाई म्हटलं, तर नवस मोडला म्हणून देवी कोपली आणि सून गेली, असं आईनं मरेपर्यंत म्हटलं असतं, आणि गावानं म्हटलं असतं. ज्या बाईला माझ्या एका थापेमुळं देवीनं पदरात घेतल्यासारखं वाटलं होतं, तिला मेल्यावर पापी ठरवायचं माझ्या जिवावर आलं.

"पाळला, आई. नऊच्या नऊ दिवस. कडक."

आईनं पदरानं डोळे पुसले. "मला ठावं हुतं. गुणाची हुती माझी सून. तिच्यामुळं तू हाईस, बाबा." मग नाक ओढून म्हणाली, "अजून दोन वर्सं ऱ्हायल्यात नवसाची. अर्ध्यात सोडू ने. घरातल्या बाईमानसानंच पुरा कराय पायजे. आता शर्वरीच की."

न्हाई म्हणायला कारण हवं, आणि कारण सांगायचं तर आताच बोललेलं मागं घ्यायला हवं. डॉक्टरबाईंनी जाताना बजावलं होतं, हा आजार रक्तातून उतरू शकतो, मुलीवर लक्ष ठेवा. मी तोंड उघडलं तेवढ्यात शर्वरीनं फोन आपल्याकडं वळवला.

"करते मी, आज्जी."

"गुणाची गं माझी बाय. पर उठता-बसता नगं हं. नऊ दिस."

"नऊ दिवस," शर्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

"तू काय करायची गरज न्हाई," मी म्हणालो. "मी बघतो आज्जीचं. मी सांगतो तिला काहीतरी."

तिनं वही मिटली. माझ्याकडं न बघता विचारलं, "पप्पा, आई जेवतीय हे मी तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्हाला कळलं असतं ना?"

आईशी खोटं बोलून पाच मिनिटं झाली नव्हती. आणखी एक बोलणं काही कठीण नव्हतं. 'न्हाई गं, तरी कळलं नसतं,' एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणालोही. पण म्हणायला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्यात तिला उत्तर मिळालं होतं.